‘का म्हणून’चा अर्थ सांगणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

मागच्या श्रावणात पंचवटीतल्या तुमच्या घरी मी आले होते ती आईने दिलेला पुरणपोळ्यांचा डबा पोचवायला. हातात ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ होतं. बसमध्ये वाचू म्हणून घेतलं, पण एक पान पुढे सरकलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, “कुठे अडलीस?” मी म्हटलं, “सगळीकडेच.” ज्या गावात तात्यासाहेब शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’चा ‘राजमुकुट’ केला, तिथल्या मुलीने शेक्सपिअरला घाबरावं याचं तुम्हाला वाईट वाटलं. तुम्ही जन्मभर मराठी आणि संस्कृत शिकवलंत. तरी म्हणालात, “एकच ओळ दाखव. अडलेली.”

मी ज्युलिएटची सज्जातली ओळ दाखवली. ‘व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ’. वर्गात आम्ही बहुतेक सगळ्यांनी तिचा अर्थ ‘रोमिओ, तू कुठे आहेस’ असा धरला होता. तुम्ही चष्मा वर केलात. “देअरफोर म्हणजे ‘म्हणून’ ना? मग व्हेअरफोर म्हणजे ‘का म्हणून’. ती त्याला शोधत नाहीये गं. तू रोमिओच का म्हणून, असं विचारतेय.”

बाई, त्या एका ‘का म्हणून’ने मला सगळं नाटक उघडून दिलं. तो खाली बागेत उभा राहून ऐकतोय, तिला पत्ता नाही, आणि तिचं भांडण आहे ते त्याच्या नावाशी, वैऱ्याच्या घराण्याशी. पुढे जे घडतं ते सगळं या नावापायीच.

मग ‘दाऊ’ आणि ‘यू’. मला वाटायचं, ‘दाऊ’ म्हणजे देवाधर्माची, भारदस्त भाषा. तुम्ही म्हणालात, “आपण नवऱ्याला ‘अहो’ कधी म्हणतो आणि ‘अरे’ कधी, ते आठव आणि परत वाच.” घरी जाऊन मी पेन्सिलीने एकेक ‘यू’ आणि ‘दाऊ’ अधोरेखित केला. मेजवानीत पहिल्यांदा बोलताना ज्युलिएट त्याला ‘यू’ म्हणते. त्याच रात्री सज्जात ‘दाऊ’वर येते. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर, एका रात्रीत! आजच्या इंग्रजीत ही सोय उरलेली नाही, आपल्याकडे ती रोज तोंडात असते. दाई आतून हाक मारते तेव्हा ज्युलिएट ‘अॅनन’ म्हणते, त्याला तुम्ही ‘आलेच हं!’ म्हणालात. तेव्हा ती मला पहिल्यांदा चौदाची सुद्धा न झालेली, खरीखुरी मुलगी वाटली.

पूर्वसूचनेचा प्रश्न मी पुढच्या रविवारी आणला. सुरुवातीच्या चौदा ओळींतच दोघं मरणार हे सांगून टाकलंय, मग पुढे बघायचं काय? तुम्ही म्हणालात, “सीता वनात जाणार हे ठाऊक असूनही कीर्तनाला गर्दी होतेच ना? ठाऊक असतं म्हणून तर मधला एकेक शब्द टोचतो.” आणि मग आजी सांगायच्या तेच सांगितलंत: घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.

त्या नजरेने वाचलं आणि अंगावर काटा आला. रोमिओचं लग्न झालेलं असेल तर माझं थडगं हीच माझी लग्नाची शेज, असं ज्युलिएट पहिल्याच भेटीनंतर सहज बोलून जाते. घरच्यांनी ठरवलेल्या पॅरिस नावाच्या उमरावाशी लग्नाला नाही म्हणते तेव्हा खुद्द आई रागाने म्हणते की हिचं थडग्याशीच लग्न लागलेलं बरं. इथे तुम्ही पुस्तक मिटून मांडीवर ठेवलंत आणि बराच वेळ बोलला नाहीत. मीही विचारलं नाही.

मग म्हणालात, सहज बोललेला शब्द असा पुढच्या घटनेची चाहूल देतो, त्याला आपल्या संस्कृत नाटकात पताकास्थान म्हणतात. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त राम झोपलेल्या सीतेकडे बघून म्हणतो की हिचं सगळंच प्रिय, असह्य आहे तो फक्त विरह. आणि त्याच क्षणी प्रतिहारी, म्हणजे द्वारपालिका, आत येऊन म्हणते, “आला आहे, देव!” आलेला असतो रामाचा हेर दुर्मुख, सीतेविषयीची लोकनिंदा घेऊन. तेच नाटक तिसऱ्या अंकात रामाला पुन्हा पंचवटीत आणतं, हे सांगताना तुम्ही खिडकीतून गोदावरीच्या दिशेला हात केलात. सार्वजनिक वाचनालयातून मी ते भाषांतर दुसऱ्याच दिवशी आणलं.

परीक्षेत पहाटेचा प्रसंग आला होता. रोमिओ सज्जातून खाली उतरतो आणि ज्युलिएटला तो थडग्याच्या तळाशी पडलेल्या मेलेल्या माणसासारखा दिसतो. त्यानंतर दोघं एकमेकांना जागेपणी, जिवंत भेटतच नाहीत. ती पुढे जागी होते तेव्हा तो खरोखरच थडग्यात, मेलेला. मी ‘तथास्तु’ आणि पताकास्थान दोन्ही लिहिलं, इंग्रजी पेपरात. मार्क चांगले पडले, पण ते सांगायला हे पत्र नाही. लिहिताना मला कुठलंही गाइड आठवलं नाही, तुमचा थांबलेला हात आठवला.

परवा ज्युलिएटच्या आईचं ते वाक्य मी माझ्या आईला मराठीत वाचून दाखवलं. पोळी लाटता लाटता ती थांबली. म्हणाली, “शुभ बोल गं.”

बाई, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानते. येत्या रविवारी येते. ‘मॅकबेथ’ आणते, आणि तुमचा डबाही.

तुमची,
डबा घेऊन आलेली मुलगी