मधलं नाव आधी विचारणाऱ्या ताईंस

सा. न. वि. वि.

ताई, अमेरिकन नागरिकाच्या बायकोच्या इमिग्रंट व्हिसाची फाइल कुणीही पुढ्यात ठेवली की तुम्ही आधी एवढंच विचारता, "मधलं नाव कुठे कोणतं लागलंय?" फॉर्म, फी, मुलाखत सगळं नंतर. तुमच्या त्या क्रमाने आमची फाइल मार्गी लागली. त्याचे हे आभार, आणि तुम्ही सांगितलेलं इतरांच्याही हाती पडावं म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव, लग्नानंतरच्या पासपोर्टवर नवऱ्याचं, आणि आधारवर कधी दोन्ही नाहीत. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण फाइल तपासणाऱ्याला त्यात तीन वेगळ्या बाया दिसतात. तुमचा सल्ला असा: पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर निव्वळ व्हिसासाठी बदलायला धावू नका, त्यावर काम होतं. बदललाच असेल तर आय-१३० (नवऱ्याने बायकोसाठी करायचा अर्ज) आणि डीएस-२६० (बायकोचा इमिग्रंट व्हिसाचा अर्ज) या दोन्ही फॉर्मांत 'इतर नावे' या रकान्यात जुनं नाव दाखल्यावरच्या स्पेलिंगसकट लिहा. दोन नावांना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. तो निबंधकाकडचाच हवा. मंदिराची किंवा मंगल कार्यालयाची पावती चालत नाही. नोंदणीच्या वेळीच नवऱ्याचं नाव त्याच्या अमेरिकन पासपोर्टबरहुकूम लिहून घ्यायचं, कारण नंतरची दुरुस्ती फार वेळखाऊ.

जन्मदाखल्याचं दुखणं निराळं. दवाखान्यातून जन्माची खबर लगेच जाते, बारसं होतं नंतर. त्यामुळे जुन्या कित्येक नोंदींत आईवडिलांची नावं, तारीख, ठिकाण सगळं असतं आणि बाळाच्या नावाची जागा कोरी. अशा वेळी प्रतिज्ञापत्रांच्या मागे लागायचं नाही. जिथे जन्म नोंदला त्याच नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जायचं आणि नाव चढवून घ्यायचं. पंधरा वर्षं उलटली असतील तर मुदतवाढ चालू आहे का हे आधी विचारायचं. नोंदच सापडत नसेल तर मात्र निबंधकाकडून 'नोंद आढळत नाही' असं प्रमाणपत्र, त्यासोबत आईवडिलांचं किंवा जवळच्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र आणि शाळेचा दाखला. नुसतं प्रतिज्ञापत्र अपलोड केलं की फाइल परत येते.

मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर पूर्ण हवं, शिक्का आणि समासातल्या शेऱ्यासकट. खाली भाषांतरकाराने 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे' असं लिहून सही करायची. हे काम नवराबायकोने स्वतः करू नये हा तुमचा आग्रह आम्हालाही पटतो.

मुलाखतीआधी फी आणि कागद घेणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरची फी दोन भागांत असते: आय-८६४ (नवऱ्याने द्यायची आर्थिक आधाराची हमी) साठी १२० डॉलर आणि व्हिसा अर्जासाठी ३२५. आय-८६४ मध्ये घोटाळा होतो तो घरातली माणसं मोजताना. येणारी बायको त्यात धरायचीच. मूल नसेल तरी आकडा दोन. त्या आकड्यासमोरच्या अमेरिकन दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न लागतं आणि तक्ता दरवर्षी बदलतो, म्हणून जुना छापून ठेवू नये. एकट्याचं रिटर्न असेल तर आयआरएसची, म्हणजे अमेरिकन कर खात्याची, टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (रिटर्नचा अधिकृत उतारा) पुरते. त्याऐवजी रिटर्नची प्रत जोडली तर डब्ल्यू-२ (नोकरीच्या ठिकाणचे वार्षिक पगाराचे कागद) हवेतच. उत्पन्न कमी पडलं तर बचत दाखवता येते, पण नागरिकाच्या बायकोसाठी ती तुटीच्या तिप्पट लागते. नाहीतर सहप्रायोजक, म्हणजे सोबत हमी देणारा दुसरा माणूस. तो नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असावा आणि अमेरिकेतच राहणारा असावा. पुण्यातला श्रीमंत मामा इथे काही कामाचा नाही!

डीएस-२६० सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते विचारतो. हॉस्टेल, भाड्याची खोली, सगळे. ते आधी कागदावर काढा, कारण फॉर्म एकदा पाठवला की तो पुन्हा उघडून मागावा लागतो. पीसीसी, म्हणजे गुन्हा नसल्याचा पोलीस दाखला, पासपोर्ट कार्यालयाचा हवा, पोलीस ठाण्याचा नव्हे. दोन वर्षांनी तो शिळा होतो. आणखी कुठल्या देशात वर्षभर किंवा जास्त राहणं झालं असेल तर तिथलाही लागतो.

मेडिकल फक्त वकिलातीच्या यादीतल्या डॉक्टरकडे. पूर्वी क्षयरोग झाला असेल तर जुने एक्सरे आणि औषधोपचाराचे कागद सोबत न्या. एक्सरेत शंका आली तर थुंकीचं कल्चर होतं आणि त्यात दोन महिने सहज जातात. म्हणून मुलाखतीच्या तारखेवर विश्वासून विमानाचं तिकीट काढायचं नाही.

व्हिसा आल्यावर निघण्यापूर्वी यूएससीआयएसची, म्हणजे अमेरिकन इमिग्रेशन खात्याची, २३५ डॉलर फी भरायची. पासपोर्टसोबत बंद लिफाफा मिळाला तर तो फोडायचा नाही. एक्सरेची सीडी हातातल्या बॅगेत.

शेवटची खूण तुम्ही आवर्जून कॅलेंडरवर करून घेता. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर ग्रीनकार्ड दोनच वर्षांचं मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (ग्रीनकार्डावरची दोन वर्षांची अट काढण्याचा अर्ज) भरायचा असतो. दोन वर्षांचा टप्पा अगदी दाराशी आला असेल आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर चार दिवस थांबून निघालेलं बरं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाची तारीख दाखवून दहा वर्षांचं कार्ड मागता येतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
फाइल घेऊन आलेली दोघं