थायरॉईडची गोळी परस्पर बंद करू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यात माझे औषधांचे दुकान आहे. थायरॉईडची गोळी चालू असलेल्या अनेक बायका ‘रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी सोडली’ असे सांगतात, तेव्हा फार काळजी वाटते.

थायरॉईड ग्रंथीकडून कमी पडणारे संप्रेरक (हार्मोन) लेव्होथायरॉक्सिनच्या, म्हणजे याच गोळीतून मिळते आणि रिपोर्टमधला टीएसएच (ग्रंथी कमी पडली की रक्तात वाढणारा घटक) आवाक्यात येतो तो त्यामुळेच. गोळी बंद केल्यावर शरीरातले औषध निम्मे व्हायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही. पुढे थकवा, बद्धकोष्ठता, पाळीत जादा रक्तस्राव असे त्रास सुरू झाले की दोष वयाला नाहीतर शेतातल्या कामाला दिला जातो. औषधाच्या याच संथपणामुळे डोस बदलल्यावर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी तपासायचा असतो. पंधरा दिवसांतच तपासणी करून पैसे घालवू नयेत.

गोळी घेण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. आपल्याकडे दिवस दुधाच्या चहाने उजाडतो. पण ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घेऊन पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा घ्यायचा नसतो. मध्यंतरी एका आजींनी पदराची गाठ सोडून कागदाची पुडी दाखवली, तर तीत थायरॉईडची, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र बांधलेली होती. लोह आणि कॅल्शियममुळे हे औषध नीट शोषले जात नाही, म्हणून त्या गोळ्या ४ तासांच्या अंतराने घ्याव्या लागतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

गरोदरपणात तर हयगय नकोच. पहिले काही महिने बाळ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते आणि आईचा डोस बहुधा वाढवावा लागतो, तेव्हा दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना भेटून टीएसएच तपासून घ्यावा. चंदगड, गडहिंग्लजकडे दिलेल्या आपल्या मुली बाळंतपणासाठी माहेरी येतात, पण तपासणीची फाईल पुष्कळदा सासरीच राहते. ती सोबत आणण्याची आठवण घरच्यांनी करावी.

डबीवरचे इंग्रजी आमच्या भागातल्या वयस्कर बायकांना वाचता येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी या सूचनांचा कागद कन्नडबरोबर मराठीतही द्यावा आणि आशा कार्यकर्त्यांनी तो घरोघरी वाचून दाखवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक औषधविक्रेती, ता. खानापूर, जि. बेळगाव