नाचघरातून

बुडापेस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा तुम्ही 'शनिवारी काय करतोस?' म्हणून विचारलंत, तेव्हा फोन स्पीकरवर होता म्हणून मी टाळलं. नाचायला जातो. इथे त्याला तान्त्सहाझ म्हणतात, शब्दशः नाचघर. (आईला 'लोकनृत्य' सांगा.)

तुमचा पहिला प्रश्न ठाऊक आहे: ताल कोण धरतं? ढोल नाही, डफ नाही. व्हायोलिन, कोन्त्रा आणि खर्जाला उभा बास, बस्स. कोन्त्रा म्हणजे तीन तारांचा व्हायोला. मध्यंतरात वादकाने हातात दिला तेव्हा पाहिलं, तारांखालची घोडी गोल नाही, सपाट आहे. गज टेकवला की तिन्ही तारा एकदम बोलतात. धून वाजवायचीच नाही, ठोका द्यायचा. जलद नाचात बास मात्रेवर आणि कोन्त्रा मधल्या जागेत. संथ नाचात दोघं एकाच गजात दोन ठोके ओढतात आणि दुसऱ्यावर जोर देतात. तुमच्या पखवाजाचं काम इथे गजावर चालतं म्हणा ना.

तान्त्सहाझ हा शब्द आला सेक गावातून. ट्रान्सिल्व्हेनियातलं हे हंगेरियन वस्तीचं गाव आज रुमानियात आहे. तिथली तरणी पोरं कुणाचं तरी घर भाड्याने घेऊन, वादकांना पैसे देऊन नाचत. बार्तोक आणि कोदाय या हंगेरियन संगीतकारांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच खेड्यापाड्यांत हिंडून गाणी जमवली होती. पण शहरात नाच उरला तो रंगमंचावरचा, एकसारख्या पोशाखातला, थोडा कवायतीसारखा. ६ मे १९७२ रोजी इथल्या लिस्त चौकातल्या एका क्लबात पहिलं नाचघर भरलं. फेरेन्स शेब्यो आणि बेला हाल्मोश वाजवत होते. त्या रात्री नृत्यपथकांतलीच मंडळी होती, पुढे दारं सगळ्यांना उघडली. मग शहरातली पोरं टेपरेकॉर्डर घेऊन थेट सेकच्या म्हाताऱ्या वादकांपुढे जाऊन बसू लागली. २०११ साली युनेस्कोने ही पद्धत नावाजली. मला तरी त्यापेक्षा ते म्हाताऱ्यांपुढे जाऊन बसणं मोठं वाटतं.

माझं म्हणाल तर पहिल्याच दिवशी एका सत्तरीच्या बाईंच्या पायावर पाय दिला. मी मनात एक-दोन-तीन-चार मोजत होतो. त्या म्हणाल्या, मोजू नकोस, कोन्त्रा ऐक. ऐकलं, आणि पाय आपोआप पडू लागले. गिरकी मात्र जमत नाही, माझे रबरी तळाचे बूट फरशीला चिकटतात. चामडी तळाचे घ्यायचेत, पगार झाला की.

सोबत एक तुकडा पाठवतोय, ट्रान्सिल्व्हेनियातल्याच मेझोशेग भागातला. तिकडच्या काही संथ नाचांत ठोके सारख्या अंतराने पडतच नाहीत, एक लंगडतो. मंडळात भजनाआधी एकदा लावा आणि सम कुठे आहे ते कळवा. मी दोन महिने शोधतोय.

आईला नमस्कार.

तुमचा,
बंड्या