ब्रह्मगिरी, रोपवे आणि फ्रान्समधील आर्देश

महोदय,

अंजनेरी ते ब्रह्मगिरी या नियोजित रोपवेबाबत आपल्या दैनिकात दोन्ही बाजूंची पत्रे प्रसिद्ध होत आहेत. समर्थकांचे म्हणणे असे, की माणसे माथ्यावर पोहोचल्याशिवाय स्थळाची ओळख होत नाही आणि पायथ्याच्या गावांना रोजगारही मिळत नाही. हे म्हणणे कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी फ्रान्सच्या आग्नेय भागातील आर्देश या जिल्ह्याची माहिती वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. फ्रान्स म्हटले की द्राक्षे आणि वाइन यापलीकडे आपण नाशिककर फारसे जात नाही. द्राक्षमळे आर्देशमध्येही आहेत, पण ते तूर्त बाजूला ठेवू.

१७९० मध्ये निर्माण झालेला हा जिल्हा सुमारे ५,५०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा आहे. लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आत आणि प्रिव्हा हे जिल्ह्याचे ठिकाण आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढे. मात्र भूगोल पाहिला, तर त्र्यंबकच्या माणसाला तो परका वाटू नये. फ्रान्समधील सर्वांत लांब नदी लोआर याच जिल्ह्यात, जेर्बिये द जों या १,५५१ मीटर उंचीच्या ज्वालामुखीजन्य सुळक्याच्या पायथ्याशी उगम पावते. भूमध्य समुद्र तिथून सुमारे दीडशे किलोमीटरवर असताना ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि हजार किलोमीटरचा प्रवास करून अटलांटिक महासागराला मिळते. अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर टाकून १,४६५ किलोमीटर पूर्वेकडे जाणाऱ्या गोदावरीचीही हीच तऱ्हा आहे. उगम नेमका कोणता याविषयी तिथेही एकमत नाही. सुळक्याच्या पायथ्याशी एकाहून अधिक झरे आपणच लोआरचा खरा उगम असल्याचे सांगतात.

या जिल्ह्याचे नाव जगभर झाले ते मात्र एका गुहेमुळे. १८ डिसेंबर १९९४ रोजी आर्देश नदीच्या घळीजवळ तीन गुहा-संशोधकांना दगडांच्या ढिगाऱ्यातून येणारी हवेची झुळूक जाणवली. दगड बाजूला करून ते आत उतरले, तेव्हा भिंतींवर सिंह, गेंडे, घोडे आणि अस्वले यांची चित्रे दिसली. त्यांतील सर्वांत जुनी चित्रे सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीची असावीत, असे आता मानले जाते. जमिनीवर गुहा-अस्वलांच्या पंजांचे ठसे होते आणि एका अस्वलाची कवटी दगडावर मांडून ठेवलेली होती. जमिनीवरच्या खुणा पुसल्या जाऊ नयेत म्हणून त्या तिघांनी आपल्याच पावलांच्या मागावरून चालण्याची दक्षता घेतली. फ्रेंच सरकारने ही शोव्हे गुहा सर्वसामान्यांसाठी कधीच उघडली नाही. त्यामागे अनुभव होता. फ्रान्समध्येच दॉर्दोन्य जिल्ह्यातील लास्को गुहा लोकांना खुली केल्यावर प्रेक्षकांच्या श्वासोच्छ्वासाने चित्रे खराब होऊ लागली आणि १९६३ मध्ये ती बंद करावी लागली होती. २०१४ मध्ये शोव्हे गुहेला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आणि पुढच्याच वर्षी मूळ गुहेपासून काही किलोमीटरवर तिची हुबेहूब प्रतिकृती उभी राहिली. प्रवासी लाखोंनी येतात ते ही प्रतिकृती पाहायला. आसपासच्या गावांतील हॉटेले, दुकाने आणि वाटाडे त्यांच्यावर चालतात, आणि मूळ गुहेत वर्षातून थोडे दिवस मोजके अभ्यासक जातात, तेही घातलेल्या मार्गिकेवरूनच.

नदीच्या घळीबाबतही हेच धोरण आहे. पाँ दार्क या नैसर्गिक दगडी कमानीखालून उन्हाळ्यात होड्यांची रांग लागते. परंतु पुढच्या संरक्षित घळीत रात्रीचा मुक्काम ठरवून दिलेल्या दोनच जागी, आगाऊ नोंदणी करून करता येतो. वाटेल तिथे तंबू ठोकण्याची सोय नाही.

वारसा म्हणजे केवळ चित्रे आणि डोंगर नव्हेत, हेही तिथे ध्यानात घेतलेले दिसते. चेस्टनटच्या झाडांसाठी उतारांवर रचलेले, चुन्याशिवायचे दगडी बांध आणि ती फळे वाळवण्याच्या दगडी खोपट्या जपल्या जातात. अशा खोपटीत खाली कित्येक दिवस मंद आच धुमसत ठेवतात आणि वर फळ्यांच्या माळ्यावर पसरलेली फळे धुरात वाळतात. ओढ्यांच्या पाण्यावर रेशमाच्या धाग्याला पीळ देणारे तिथले जुने कारखाने येवल्याच्या विणकरांनी एकदा तरी पाहावेत असे आहेत.

यावर कोणी म्हणेल, की गुहेची प्रतिकृती होऊ शकते, तीर्थाची होत नाही. आक्षेप रास्त आहे. पण आपल्या परंपरेने याची सोय कधीच करून ठेवली आहे. गोदावरी माथ्यावर प्रकटते, गंगाद्वारी पुन्हा दिसते आणि स्नान मात्र होते ते खाली कुशावर्तात. सिंहस्थाच्या पर्वणीला शैव आखाडे येतात तेही कुशावर्तावर. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची फेरीसुद्धा ब्रह्मगिरीला वळसा घालते, माथा गाठत नाही. सर्वांनी वर गेलेच पाहिजे हा आग्रह धर्माचा नाही, तो अलीकडच्या पर्यटनाचा आहे. ज्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत आणि ज्या अंजनेरीच्या पठारावर पावसाळ्यात दुर्मीळ कंदीलपुष्प उमलते, तिथे खांब रोवून दर तासाला शेकडो माणसे उतरवणे हे शोव्हेच्या दारावर तिकीटखिडकी लावण्यासारखे आहे.

म्हणून जिल्हा प्रशासनाला विनंती आहे, की रोपवेचा निर्णय घेण्यापूर्वी ब्रह्मगिरी आणि अंजनेरी हे एकच संरक्षित क्षेत्र धरून माथ्यावर रोज किती माणसे जाऊ द्यायची याची मर्यादा तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावी, डोंगरउतारावरील उत्खनन व बांधकाम थांबवावे, आणि रोपवेवरच्या खर्चाचा काही भाग पायथ्याशी एक चांगले माहिती केंद्र उभारण्यासाठी द्यावा. सह्याद्रीचा बेसॉल्ट, गोदेचा उगम, गिधाडे, त्रिरश्मी लेण्यांतील सातवाहनकालीन शिलालेख हे सारे तिथे प्रतिकृतींसह मांडता येईल. वृद्धांना आणि अपंगांनाही डोंगर न चढता ते पाहता येईल, आणि त्र्यंबक व अंजनेरीच्या तरुणांना काम मिळेल ते बारमाही. सिंहस्थाच्या कामांसाठी निधी येतो आहे, तोवरच हा बदल आराखड्यात होऊ शकतो.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक