पप्पांना, वेल्सहून

ती. पप्पा आणि आईस,
सप्रेम सलाम.

दिवाळीनंतर आपल्या गावात तीन दिवसांची संजीवन सभा, म्हणजे विश्वास नव्याने जागवायची सभा, ठरतेय, असं दादा म्हणाला. मांडव, स्पीकर, बाहेरचे वक्ते आणि त्यासाठी घरटी वर्गणी. रागावू नका पप्पा, पण तुम्ही चर्चचे पंच आहात म्हणून लिहिते.

मी राहते तो मुलूखच संजीवनाचा. १९०४ साली इथून जवळच, लॉखर गावच्या मोरिया चॅपलमध्ये, म्हणजे तिथल्या प्रार्थनामंदिरात, इव्हान रॉबर्ट्स या तरुणाच्या प्रार्थनासभा सुरू झाल्या. वय २६, आधी खाणीत काम केलेलं. पुढच्या वर्षभरात लाखभर माणसं प्रभूकडे वळली म्हणतात. कामगारांनी शिव्या सोडल्या, तर खाणीतल्या घोड्यांना हुकूमच कळेनात, असंही इथले म्हातारे रंगवून सांगतात! वेल्सच्या या बातम्या केडगावला पोचल्या आणि पंडिता रमाबाईंनी मुलींना प्रार्थनेला बसवलं. १९०५ मध्ये मुक्ती मिशनमध्ये संजीवन झालं. पण केडगावात टिकलं ते अनाथ मुलींचं आणि विधवांचं रोजचं काम, हे तुम्हीच आम्हाला सांगायचात.

इथे काय झालं? २०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या ४६.५ टक्के लोकांनी 'कोणताच धर्म नाही' असं लिहिलं. ख्रिस्ती ४३.६ टक्के. खाणी बंद पडल्या, पोरं शहरात गेली, नातवंडांना आजोबांची वेल्श उपासना कळेना. चॅपलं विकली गेली. एकात तर आता गालिच्यांचं दुकान आहे.

आमच्या गावचं चॅपलही त्याच वाटेवर होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आठ-दहा माणसं, सगळी सत्तरीपुढची, एवढ्या मोठ्या चॅपलमध्ये लांब लांब बसलेली. पाळक चार-पाच गावांत मिळून एकच. मग कोणीतरी मागची बाकं काढायची सूचना केली आणि महाभारत झालं. एका आजींच्या घराण्याचं बाक त्यांच्या पणजोबांपासून तिथे होतं, त्या दोन महिने आल्याच नाहीत. तरी बाकं निघाली, तिथे टेबलं आली, आणि हिवाळ्यात दर गुरुवारी हीटर लावून गरम सूप, चहा, पाव सुरू झालं. वीजबिलाच्या भीतीने घरी थंडीत बसणारी माणसं यायला लागली. त्या आजीही आल्या, आता ब्रेड त्याच कापतात, दुसऱ्या कोणाला सुरीला हात लावू देत नाहीत. आमच्या हॉस्पिटलमधल्या मल्याळी नर्सेस मुलांना घेऊन येऊ लागल्या, तेव्हा कुठे रविवारी चॅपलमध्ये लहान मुलांचा गोंधळ ऐकू आला. उपासना आता वेल्श आणि इंग्रजी दोन्हींत असते, उपदेश आटोपशीर. चॅपल भरून वाहतंय असं समजू नका. तीसेक माणसं असतात, गुरुवारचे निम्मे तर रविवारी फिरकतही नाहीत. पण छत दुरुस्त झालं आणि विकायची भाषा बंद झाली.

आपल्या चर्चला रविवारचे दोन तास सोडले तर आठवडाभर कुलूप. द्राक्षांच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याहून मजूर येतात, त्यांची पोरं दिवसभर बागेच्या बांधावर उन्हात. त्यांच्यासाठी दुपारी चर्च उघडा की! सतरंजी, पाटी, प्यायचं पाणी, जमलं तर खिचडी. आई आणि काकू शिकवतील. धर्माची गोष्ट अजिबात काढायची नाही, नाहीतर उगाच गावात भलतीच चर्चा.

गावात आपली ख्रिस्ती सातच घरं उरली म्हणून एवढं खचू नका. आपल्या नाशकातल्या शरणपूरला गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायची. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शवाबरोबर थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीपर्यंत गेला. पुढे त्या मंडळीतले पुष्कळजण आफ्रिकेत मोंबासाजवळच्या फ्रेअर टाउनला कायमचे राहायला गेले. नाशकातली उपासना काही थांबली नाही.

तर वर्गणीचं असं. मी पैसे पाठवते, पण मांडवासाठी नाही. गळके पत्रे बदला, पंखे लावा आणि चर्चची एक किल्ली आईकडे ठेवा. बाकीच्या पंचांना हे पटलं नाही तर मला कळवा, मी पाळकसाहेबांशी फोनवर बोलेन. दादाला सांगा, मीटरचं बिल माझ्या नंबरवर पाठवायचं.

तुमची,
बेबी