कागदावरचे सव्वातीनशे किलोमीटर

प्रति,
माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातला कास्तकार आहे. अकरा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. गेल्या वर्षी बँकेचं कर्ज काढून विजेवर चालणारी गाडी घेतली. अशा गाड्यांना आपल्या सरकारने रस्ता कर माफ केला, केंद्राने जीएसटी 5 टक्क्यांवर ठेवला, त्याचा मला फायदा झाला आणि त्याबद्दल मी आभारी आहे. पण मागच्या मंगळवारी जे झालं ते तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

गाडी मिरवायला घेतली नव्हती. माझ्या बाबांना घशाचा कॅन्सर आहे. दर तीन आठवड्यांनी किमोसाठी त्यांना नागपूरला न्यावं लागतं. आमच्या दारापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत 155 किलोमीटर. शोरूममधल्या पोराने मला कॅल्क्युलेटरवर दाखवलं होतं: गाडी एका चार्जिंगमध्ये 325 किलोमीटर चालते, तुमचं जाणं-येणं 310, म्हणजे घरी पोचल्यावरही पंधरा किलोमीटर उरतात. त्या पंधरा किलोमीटरच्या भरवशावर मी कर्जाच्या कागदावर सही केली.

मंगळवारी पहाटे पाचला शंभर टक्के चार्जिंगवर निघालो. हवा जरा थंड होती, एसी मंदच ठेवला. तरी नागपूरला पोचेपर्यंत 23 टक्के उरले. म्हणजे अख्ख्या बॅटरीवर दोनशे किलोमीटर. भर दुपारी एसी लावून चालवली तर पावणेदोनशेच्या वर ती कधीच गेली नाही. वर्षभर मी वहीत तारखेनिशी लिहून ठेवलं आहे, कधीही बघायला मागवा. आजवर वाटेतल्या एका चार्जरवर अर्धापाऊण तास थांबून आम्ही निभावून नेत होतो.

बाबांना सलाईन लागली आणि मी फास्ट चार्जरच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. पुढे दोन गाड्या, डोक्यावर 45 अंशांचं ऊन, शेड नाही. माझा नंबर आला तेव्हा 30 किलोवॅटच्या चार्जरवर गाडी तेरा-चौदाच घेत होती. बॅटरी तापली की आतल्या सेलना इजा होऊ नये म्हणून गाडी स्वतःच चार्जिंग कमी करते. हे मला तिथे रांगेतल्या एका टॅक्सीवाल्याने सांगितलं, विकणाऱ्याने नाही. एका युनिटला 21 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. 71 टक्क्यांवर दवाखान्यातून फोन आला की पेशंटला घेऊन जा, खाट रिकामी करायची आहे.

हिंगणघाटजवळच्या ज्या पंपावर आम्ही नेहमी थांबतो तिथे पोचलो तर चार्जरचा पडदा काळा. मोबाइलमधल्या ॲपवर तो तेव्हाही हिरवा, 'उपलब्ध' दाखवत होता. चौकीदार म्हणाला, "बंद हाय ना भाऊ, पंधरा दिवस झाले. कोनी पाह्यालेबी आलं नाही." उरले होते 28 टक्के आणि घर 80 किलोमीटरवर.

मी एसी बंद केला. काचा खाली केल्या तर आत भट्टीसारखी झळ, वर केल्या तर जीव गुदमरतो. आईने दुपट्टा ओला करून बाबांच्या डोक्यावर ठेवला. दहा मिनिटांत तो कडक वाळला, की पुन्हा बाटलीतलं पाणी. ट्रक हॉर्न मारत बाजूने जात होते आणि मी राष्ट्रीय महामार्गावर ताशी चाळीसने चाललो होतो. वडकीच्या पुढे बाबांना उलटी झाली. त्यांचा आवाज आता फार निघत नाही, तरी मला जवळ बोलावून म्हणाले, "कारे बाबू, यष्टीनं आलो असतो त आतालोक घरी राह्यलो असतो." मंत्रिमहोदय, हे वाक्य मी आठ दिवस विसरू शकलेलो नाही.

घर दहा किलोमीटर उरलं तेव्हा गाडी थांबली. कंपनीच्या मदत क्रमांकावर सांगितलं, दोरी लावून ओढू नका, चाकं फिरली तर मोटारीला धोका आहे, सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी लागेल आणि ट्रक यायला चार तास लागतील. सिमेंटच्या गोण्या घेऊन चाललेल्या एका पिकअपवाल्याने बाबांना आणि आईला शेजारी बसवून घरी नेलं. पैसे घेतले नाहीत. ढाबेवाल्याने आपला थंड बाटल्यांचा फ्रीज बंद करून त्याचा प्लग मला दिला आणि त्या प्लगवर रात्री साडेअकरापर्यंत मी दहा किलोमीटरपुरती वीज भरली. तुमच्या धोरणातलं कुठलंही कलम तिथे कामाला आलं नाही, त्या माणसाचा फ्रीज कामाला आला.

त्यानंतर मी हा 325 चा आकडा कुठून येतो ते शोधत बसलो. ज्याला सगळे 'एआरएआय रेंज' म्हणतात (एआरएआय म्हणजे गाड्या तपासणारी पुण्यातली संस्था) ती चाचणी बंद खोलीत रोलरवर होते. तापमान 20 ते 30 अंश, एसी बंद. वेग 90 च्या वर जात नाही, सरासरी तर ताशी 35 च्याही खाली. चढ नाही, समोरून वारा नाही, मागच्या सीटवर आजारी माणूस नाही. आता आमचा महामार्ग घ्या. वेग साठचा नव्वद केला, म्हणजे दीडपट, की हवेचा अडथळा सव्वादोन पट होतो. कडक उन्हात एसी तासाला दोनेक युनिट खातो आणि माझी अख्खी बॅटरी तीस युनिटची. हे ज्यांनी चाचणी ठरवली त्यांना ठाऊक नाही असं कोण म्हणेल? अमेरिकेत प्रयोगशाळेत निघालेला आकडा साधारण 30 टक्क्यांनी कापतात आणि मग गाडीच्या काचेवर चिकटवतात. माझ्या 325 मधून 30 टक्के कापा, सव्वादोनशेच्या आसपास येतात. एवढं जरी छापलं असतं तरी मी ही गाडी घेतली नसती किंवा मोठ्या बॅटरीची घेतली असती, आणि बाबा त्या उन्हात बसले नसते.

चार्जरचंही तेच. केंद्राने जानेवारी 2022 मध्ये सांगितलं की महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर 25 किलोमीटरवर चार्जिंग स्टेशन हवं. आपल्या मंत्रिमंडळाने 29 एप्रिल 2025 ला नवं धोरण मंजूर केलं, त्यातही पंचवीसच. विजेच्या गाड्यांसाठीच्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत 10,900 कोटी, त्यातले 2,000 कोटी नुसत्या चार्जरसाठी. लावलेला चार्जर किती दिवस चालू राहिला हे कोण मोजतं? फीत कापायला माणूस येतो, फ्यूज बदलायला येत नाही. विचारायला गेलं तर चाचणी दिल्लीच्या खात्याकडे, धोरण मुंबईकडे, वीज वीज कंपनीकडे आणि यंत्र कुठल्याशा ठेकेदाराकडे. मग मी पत्र लिहू कोणाला? तुम्हाला लिहितो आहे, कारण गाडीच्या नोंदणीवर शिक्का तुमच्या खात्याचा आहे.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, तुमची चालवण्याची पद्धत चुकते. वीस वर्षं ट्रॅक्टर चालवतो आहे मी. उन्हात उभं राहून बॅटरी लवकर म्हातारी होते हे ते मान्य करतात, पण माझी किती झाली ते लिहून द्यायला तयार नाहीत. आठ वर्षांची वॉरंटी आहे म्हणतात. कशाची, हे कागदावर मागितलं की साहेब सुट्टीवर असतात.

आम्हाला हे नवीन नाही, महोदय. सोयाबीनच्या पिशवीवर 70 टक्के उगवण छापलेली असते, ती त्यांच्या ट्रेमध्ये उगवते. आमच्या वावरात दुबार पेरणी होते. विम्याचा पाऊस महसूल मंडळाच्या मापकात मोजतात, माझ्या धुऱ्यावर गारा पडल्या त्याचं काय? लांब धाग्याच्या कापसाला 2025-26 चा हमीभाव 8,110 रुपये जाहीर झाला आणि त्याच हंगामात परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क सरकारने डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं. प्रत्येक वेळी आकडा कुठेतरी सावलीत बसून ठरतो आणि उणीव आमच्या अंगावर येते. गाडी घेताना मला वाटलं होतं, ही शहरात बनलेली वस्तू आहे, हिच्यावर छापलेलं तरी खरं असेल.

माझं मागणं मोठं नाही. 45 अंशांत, एसी लावून, महामार्गाच्या वेगाने गाडी किती चालते तो आकडा काचेवर छापायला लावा. महामार्गावरचा चार्जर दोन दिवसांपेक्षा जास्त बंद राहिला तर लावणाऱ्याला रोजचा दंड करा आणि ॲपवर खोटं 'उपलब्ध' दाखवणाऱ्यालाही. आणि जमिनीचा सातबारा असतो तसा बॅटरीचा उतारा दरवर्षी मालकाच्या हातात पडला पाहिजे, त्यावर तिची उरलेली ताकद लिहिलेली असली पाहिजे.

अधिवेशनाला तुम्ही डिसेंबरात नागपूरला येता. एकदा मे महिन्यात या. नागपूर ते आमचं गाव, दुपारी दोनला, माझ्या गाडीत. मी स्वतः चालवीन.

बाबांची पुढची तारीख तेरा दिवसांवर आहे. त्या दिवसासाठी मी गावातली डिझेलची जीप साडेचार हजारात सांगून ठेवली आहे. माझी गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी आहे. तिचा हप्ता पाच तारखेला गेला.

आपला,
एक कास्तकार
तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ