अडतीच्या सॉफ्टवेअरसाठी कोणते साधन घ्यावे

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

सांगलीतल्या हळदीच्या अडत्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर स्वतः तयार करून विकायचे तू ठरवले आहेस, आणि त्यासाठी प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनांपैकी डेल्फी घ्यावे, क्यूटी घ्यावे की डॉट नेट, असे तू विचारले आहेस. भांडवल थोडे असल्यामुळे मोफत साधनांची यादी तू आधी केलीस, हे योग्यच झाले. पण अशा साधनाची खरी किंमत त्याच्या परवान्यात लिहिलेली असते आणि ती बहुधा विक्री वाढू लागल्यावरच भरावी लागते. म्हणून त्याने तयार केलेला माल विकण्याची मुभा आहे का, आणि असल्यास कुठपर्यंत, हे सर्वांत आधी पाहावे.

डेल्फीची कम्युनिटी आवृत्ती २०१८ पासून मोफत मिळते आणि तिच्यात काम झपाट्याने होते, हे मला मान्य आहे. परंतु वर्षाचे उत्पन्न ५,००० डॉलरच्या वर गेले की विकतचा परवाना घ्यावा लागतो. एक प्रत ८,००० रुपयांना विकलीस, तर ७० दुकानांत ५ लाख ६० हजार रुपये होतात, म्हणजे धंद्याचा जम बसतो न बसतो तोच ती मर्यादा ओलांडली जाईल. डेल्फीची पास्कल ही भाषाच आवडत असेल तर तीच भाषा वापरणारे लाझारस पाहा. ते पूर्ण मोफत आहे, आणि त्याच्या लायब्ररींचा (तयार कोडच्या संचांचा) परवाना सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, न देता प्रोग्रॅम विकू देतो.

क्यूटी एलजीपीएल या खुल्या परवान्याखाली मोफत वापरता येते, मात्र तिच्या लायब्ररी वेगळ्या डीएलएल फाइली म्हणून ठेवाव्या लागतात आणि त्या बदलण्याची मोकळीक ग्राहकाला द्यावी लागते. क्यूटीबरोबर पायथॉन भाषा घेणार असशील तर त्यांना जोडणाऱ्या दोन साधनांपैकी पायसाइड घे, कारण पायक्यूटी जीपीएल या अधिक कडक परवान्याखाली आहे आणि सोर्स कोड द्यायचा नसेल तर त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो.

माझे मत डॉट नेटच्या, म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी हे मोफत साधन, सी शार्प ही भाषा आणि पडद्यावरच्या खिडक्या बनवणारे विनफॉर्म्स यांच्या बाजूने आहे. एकट्या व्यक्तीला या आवृत्तीत केलेले सॉफ्टवेअर विकण्यावर उत्पन्नाची मर्यादा नाही. पुढे कंपनी काढलीस तरी, २५० पेक्षा जास्त संगणक किंवा १० लाख डॉलरपेक्षा जास्त वार्षिक उत्पन्न होईपर्यंत, पाच जणांना ती वापरता येते. त्यातही डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर काम कर, असे मी आग्रहाने सांगतो. अडत दुकानातला संगणक बंद पडेपर्यंत कोणी बदलत नाही, त्यामुळे विंडोज ७ तुला अजूनही भेटेल. क्यूटी ६ तिथे चालत नाही, डॉट नेटच्या नव्या आवृत्त्याही नाहीत, ४.८ मात्र विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ वर बसते आणि विंडोज ११ मध्ये ती किंवा तिची सुधारित ४.८.१ आधीपासूनच असते. तुझ्या मित्राने सुचवलेले व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ चे साधन आहे, आणि त्याच्या मूळ कंट्रोल्समध्ये (पडद्यावरच्या चौकटी आणि बटणे यांत) युनिकोड, म्हणजे आजच्या सर्वमान्य संकेतातली, मराठी उमटत नाही, एवढ्या एका कारणासाठीही ते सोडून दे.

मराठीचा मुद्दा मी मोठा मानतो, कारण तुझे सॉफ्टवेअर शेवटी शेतकऱ्याच्या हातात पट्टीच्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदाच्या, रूपाने जाणार आहे. त्याचे नाव, पोती, वजन, दर, त्यातून वजा झालेली हमाली आणि तोलाई, हे त्याला स्वतः वाचता आले पाहिजे. व्यवहारावरचा त्याचा विश्वास त्या कागदावर ठरतो. बहुतेक दुकानांत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असतात आणि त्यांच्या नुसत्या टेक्स्ट मोडमध्ये देवनागरी नसते, तेव्हा पट्टी ग्राफिक्स म्हणून पाठवावी लागेल आणि छपाई मंदावेल. सौद्याच्या वेळी गाडीवाला खोळंबलेला असतो. म्हणून हे काम पीडीएफवर न तपासता खऱ्या प्रिंटरवर, कार्बन लावून तपास.

डेटाबेससाठी एका संगणकावर एसक्यूलाइट पुरेसे आहे. ते सार्वजनिक मालकीचे, म्हणजे परवान्याच्या अटींशिवाय वापरता येणारे आहे, आणि सारा हिशेब एकाच फाइलमध्ये राहत असल्यामुळे दुकान बंद करताना बॅकअप पेन ड्राइव्हवर घेता येतो. दोन-तीन संगणकांवरून नोंदी होणार असतील तर ती फाइल नेटवर्कवर ठेवू नकोस, पोस्टग्रेस किंवा फायरबर्ड हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस घे.

वाचलेल्या पैशांतून कोड सायनिंगचे, म्हणजे प्रोग्रॅम तुझाच आहे असे दाखवणाऱ्या डिजिटल सहीचे, प्रमाणपत्र मात्र घे. त्याच्याशिवाय इन्स्टॉलर उघडताना विंडोज सावधगिरीचा निळा पडदा दाखवते आणि नवा ग्राहक तिथेच बिचकतो. जून २०२३ पासून त्याची खासगी किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्ये ठेवणे बंधनकारक आहे, म्हणून यूएसबी टोकनचा खर्चही धर. दरवर्षीचे नूतनीकरण आजच प्रतीच्या किमतीत मिळव. नंतर भाव वाढवायला अडते सहजासहजी तयार होत नाहीत.

पट्टीचा पहिला नमुना छापून झाला की मला पाठव. रकान्यांची रुंदी मी पाहून देईन.

तुझे,
बाबा